पाण्यातले बुडबुडे आणि मावशीची पोटरी

मावशीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन आठवडे झाले होते. भेटायला गेले तर उजवी पोटरी टम्म, हात लावला तर गरम. आणि ओट्यावर हायड्रोजन वॉटरचं, म्हणजे पाण्यात हायड्रोजन वायू विरघळवणारं, कोरं करकरीत मशीन! विकणारा सांगून गेला होता, "शिरांची सूज उतरते, गुठळ्या विरघळतात, जपानमध्ये संशोधन झालंय." त्या भरवशावर बाईसाहेबांनी रक्त पातळ करायची गोळी परस्पर बंद केलेली. वर मलाच म्हणते, "अगं, पाणीच तर आहे, त्यानं काय अपाय होणार?"

संशोधन झालंय, हे खोटं नाही. २००७ साली शिगेओ ओहता यांच्या गटाने 'नेचर मेडिसिन'मध्ये दाखवलं की हायड्रोजन हा वायू हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाच्या घातक कणाला नेमका निकामी करतो. मेंदूचा रक्तपुरवठा तोडलेल्या उंदरांना हा वायू हुंगवला, तेव्हा मेंदूचं नुकसान कमी झालं. पुढे जपानमध्येच हृदय बंद पडून पुन्हा चालू झालेल्या ७३ रुग्णांवर चाचणी झाली. कोविडमुळे ती मध्येच थांबली. २०२३ मध्ये निकाल आला: मुख्य निकषावर फरक सिद्ध झाला नाही, पण हायड्रोजन दिलेल्यांत ९० दिवसांनी जिवंत असलेले जास्त होते. मला हे वाचून कुतूहल वाटतं, थट्टा करावीशी वाटत नाही.

पण तिथे वायू हुंगवला होता, तोही दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पेलाभर पाण्यात फार तर चहाच्या चमच्यात मावेल एवढा हायड्रोजन विरघळतो. वालाची उसळ खाल्ली की आपल्या आतड्यातले जिवाणू त्याहून जास्त तयार करतात, फुकट! (तो बाहेर कसा पडतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे.) शिवाय सूज वेगळी, गुठळी वेगळी. गुठळी म्हणजे फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं. पोटरीतून सुटून ती फुप्फुसात अडकली तर माणूस तासाभरात जाऊ शकतो.

मी मावशीच्या शिलाईच्या डब्यातला टेप काढला. दोन्ही पोटऱ्या गुडघ्याखाली सारख्याच अंतरावर मोजल्या. उजवी साडेतीन सेंटिमीटर जास्त. मावशीने टेप माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा मोजलं. मग काही बोलली नाही, पर्स शोधायला लागली.

त्याच संध्याकाळी डॉपलर, म्हणजे पायाच्या शिरांमधलं रक्त कसं वाहतंय ते बघणारी सोनोग्राफी, झाला. मांडीपर्यंत गुठळी होती.