शेवटच्या पानावरचा पत्ता

परवा एका ओळखीच्या मुलाने विचारलं, "दादा, तू सारखं त्या जुन्या गे झीन्सचं कौतुक सांगत असतोस. पण आता त्यांचं काय काम? सगळं फोनवर आहे की." मुलगा बावीस-तेवीसचा. ('दादा' म्हणतो, 'काका' म्हणत नाही, हे त्याचे उपकार.) प्रश्न खोचक असता तर उत्तर तोंडावर तयार होतं. पण त्याने खरंच विचारलं होतं, आणि मला काही नीट सांगता आलं नाही. चार दिवस डोक्यात तेच घोळतंय, म्हणून इथे लिहितोय. लांबलं आहे, आधीच सांगून ठेवतो.

झीन म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: स्वतःच लिहून, छापून वाटलेला छोटा अंक. मराठीत याला सख्खा शब्द आहे, अनियतकालिक. पैसे जमले की निघणार, संपादकाचा जीव रमेनासा झाला की बंद. साठच्या दशकात 'असो'सारखे जे हट्टी छोटे अंक आपल्याकडे निघाले, त्यांची ही लांबची भावंडं. आपल्या मंडळींचं भांडण प्रस्थापित साहित्याशी होतं. गे झीनवाल्यांचं भांडण सगळ्यांशीच, आणि बऱ्याचदा बाकीच्या गे लोकांशीसुद्धा.

सुरुवात मी नेहमी एडिथ आईड या बाईंपासून करतो. 1947 साल, लॉस एंजेलिस. बाई आरकेओ या फिल्म स्टुडिओत सेक्रेटरी. साहेबांनी सांगून ठेवलेलं, की काम फारसं नसलं तरी रिकामी बसलेली दिसू नकोस. मग बाईंनी ऑफिसच्या टाइपरायटरवर 'व्हाइस व्हर्सा' नावाचं लेस्बियन बायकांसाठीचं मासिक टाइप करायला घेतलं. कार्बन घालून एका वेळी पाच प्रती, मग सगळं पुन्हा पहिल्यापासून टाइप करून आणखी पाच. दहा प्रती, संपला अंक. असे नऊ अंक निघाले. सुरुवातीला त्यांनी काही प्रती टपालाने पाठवल्या. पण असलं काही टपालात सापडलं तर अंगाशी येईल असं मैत्रिणींनी बजावल्यावर हातोहात वाटायला लागल्या, आणि वाचून झाल्यावर टाकू नका, पुढे द्या, असं सांगायला लागल्या. अंकावर त्यांचं नाव नव्हतं. पुढे दुसरीकडे लिहिताना त्यांनी 'लिसा बेन' हे नाव घेतलं. इंग्रजी अक्षरं इकडची तिकडे करून बघा, कळेल.

ती भीती काल्पनिक नव्हती. 1954 मध्ये 'वन' या गे मासिकाचा अंक लॉस एंजेलिसच्या पोस्टमास्तरांनी अश्लील म्हणून अडवला, प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1958 मध्ये निकाल मासिकाच्या बाजूने लागला. तोवर चार वर्षं गेली होती.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. 1985 मध्ये टोरांटोत जी. बी. जोन्स आणि ब्रूस ला ब्रूस या दोघांनी 'जे.डी.स' नावाचं झीन काढलं. दोघेही पंक, म्हणजे पंक रॉक या बंडखोर संगीताच्या गोतावळ्यातले. पंकांच्या जगात गे माणसाला टोमणे आणि धक्काबुक्की, गे लोकांच्या जगात पंकांकडे नाकं मुरडणं. दोन्ही घरचे पाहुणे उपाशी. मग यांनी काय केलं, तर थाप मारली. टोरांटोत समलिंगी पंकांची मोठी चळवळ उसळली आहे असा आव आणून अंक काढला. प्रत्यक्षात होतं कोण, तर हे दोघं आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मित्रमैत्रिणी. पण दूर कुठेतरी एकट्याने अंक वाचणाऱ्याला ते कसं कळणार? त्याला वाटलं, तिकडे आपल्यासारखे शेकड्याने आहेत, आपणच मागे पडलोय. लोकांनी पत्रं लिहिली, स्वतःची झीन्स काढली, बँड काढले. 1991 मध्ये शिकागोत क्वीअर (गे, लेस्बियन वगैरे सगळेच) झीनवाल्यांचा मेळावा भरला. थाप खरी झाली.

माझ्या मते गे झीन्सचा वारसा शोधायचा तर तो इथे आहे. कात्रणं, वाकडीतिकडी अक्षरं, झेरॉक्सचा काळसरपणा यांत नाही. हल्ली कॉफीच्या जाहिरातीतही मुद्दाम फाडल्यासारखी अक्षरं असतात, त्याने काही होत नाही. आणि 'प्रतिनिधित्व' या शब्दातही तो नाही. झीन हे असलेल्या समाजाचं प्रतिनिधित्व करत नव्हतं. जो समाज अजून नव्हता, त्याला ते हाक मारून बोलवत होतं. म्हणून त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं पान मुखपृष्ठ नसायचं, शेवटचं असायचं. तिथे पत्ता असायचा. पोस्ट बॉक्स नंबर, आणि शेजारी इतर झीन्सचे पत्ते. लॅरी-बॉब रॉबर्ट्स यांनी तर 'क्वीअर झीन एक्स्प्लोजन' नावाचं नुसत्या याद्यांचं पत्रक चालवलं: कुठलं झीन, कशाबद्दल, कुठे लिहायचं. वाचायला रटाळ, आणि तेव्हा बहुधा त्याहून उपयोगी काही नसेल.

याच काळातला सॅन फ्रान्सिस्कोचा टॉम जेनिंग्ज हा माणूस तर मला कधीचा भुरळ घालून बसलाय. 1988 मध्ये त्याने 'होमोकोअर' हे झीन सुरू केलं. तो शब्दही 'जे.डी.स'च्या मंडळींचा. पण त्याच्या चार वर्षं आधी, 1984 मध्ये, याच गृहस्थाने फायडोनेट बनवलं होतं. लोकांच्या घरातले कॉम्प्युटर रात्री, फोनचे दर उतरले की, आपले आपण एकमेकांना फोन लावायचे आणि दिवसभराचे निरोप देऊन-घेऊन मोकळे व्हायचे. इंटरनेट घरोघरी पोचायच्या कितीतरी आधी हे जगभर पसरलं. मधे मालक कोणी नाही. प्रत्येक जण आपल्या यंत्राचा राजा, आणि शेजाऱ्याचा हमाल. लोक म्हणतात कागदाची झीन्स गेली आणि डिजिटल आलं. अरे, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर होती! झीन काढणारं डोकं आणि जाळं विणणारं डोकं एकच होतं.

तर मग आज काय? त्या मुलाच्या फोनवर गे माणसं, गे विनोद, गे लग्नांचे व्हिडिओ, सगळं आहे, मागाल तेवढं. माझी तक्रार 'आहे का'बद्दल नाही. ते त्याच्यासमोर कोण आणून ठेवतं आणि कोण उचलून नेतं, याबद्दल आहे. 1990 च्या दशकात जिओसिटीजवर, म्हणजे कोणालाही स्वतःची वेबपानं फुकट बांधू देणाऱ्या साइटवर, 'वेस्ट हॉलिवूड' नावाची अख्खी गे वसाहत होती, लोकांनी हाताने बांधलेल्या पानांची. 2009 मध्ये कंपनीने जिओसिटीज बंद केलं. काहींनी धावपळ करून जेवढं उतरवून घेतलं तेवढं वाचलं. टम्बलर या ब्लॉगिंग साइटवर एक पिढी वयात आली. 17 डिसेंबर 2018 ला तिथे प्रौढ मजकुराला बंदी आली आणि छाननी करणाऱ्या यंत्राने निरुपद्रवी चित्रंही त्यात ओढली. एडिथबाईंच्या दहा प्रतींना जे झालं नाही, ते लाखो पानांना एका दिवसात झालं. पोस्टमास्तर निदान कोर्टात उभा करता येत होता.

इथे एक कबुली द्यायला हवी, नाहीतर हे म्हाताऱ्याचं रडगाणं होईल. झीन मिळायला आधी कोणीतरी ओळखीचं लागायचं, किंवा पत्ता, आणि घरच्यांनी न फोडलेलं पाकीट. ज्याच्या घरी टपाल आधी वडिलांच्या हातात जातं, त्याला झीन नव्हतंच. फोनवरचं फीड, म्हणजे अ‍ॅप समोर आणत राहतं ती पोस्टींची रांग, अशा मुलालाही सापडतं, किंबहुना तेच त्याला शोधून काढतं. हे छोटं नाही. शिवाय उत्तर अमेरिकेतली बरीचशी झीन्स गोऱ्या, शहरी मुलांची होती आणि तसं त्यांना तेव्हाही सुनावलं गेलं होतं.

भारतातही याची कहाणी आहे. अशोक राव कवी यांनी 1990 मध्ये 'बॉम्बे दोस्त' सुरू केलं, 377 कलम पूर्ण शाबूत असताना. 2002 मध्ये ते थांबलं, 2009 मध्ये पुन्हा निघालं. लेबिया या गटाचं 'स्क्रिप्ट्स' आणि नंतरचं 'गेसी झीन' ही त्याच वाटेवरची. यातल्या प्रत्येकावर वेगळी पोस्ट होईल, आज नको.

जुनी झीन्स आता बघायची तर सोय आहे. 2003 पासून मिलवॉकीतली काही मंडळी क्वीअर झीन अर्काइव्ह प्रोजेक्ट चालवतात, स्कॅन करून फुकट ठेवतात. मी तिथे रात्री-रात्री पडीक असतो. स्कॅनमध्ये पिनांच्या सावल्या दिसतात, मागच्या पानाची शाई पुढे उमटलेली दिसते. मजा येते. पण एक खडाही आहे. 'ऑन अवर बॅक्स' हे 1984 मध्ये सुरू झालेलं लेस्बियन शृंगारिक मासिक एका डिजिटल संग्रहाने जसंच्या तसं ऑनलाइन टाकलं, आणि 2016 मध्ये ते काढून घ्यावं लागलं. आक्षेप साधा होता: त्या बायकांनी फोटो दिले होते ते कागदावरच्या मासिकासाठी, शोधयंत्रात नाव टाकल्यावर सापडण्यासाठी नव्हे. मला यात दोन्ही बाजू पटतात आणि निर्णय करता येत नाही. पण यातून झीनची एक गोष्ट कळते. सगळ्यांपर्यंत न पोचणं हा त्याचा दोष नव्हता, ती त्याची भिंत होती. तीनशे माणसांसमोर बोलताना माणूस जे बोलतो ते तीस लाखांसमोर बोलत नाही.

म्हणून आजची झीन्स शोधताना मी नावाला 'झीन' आहे का हे बघतच नाही. इन्स्टावर चौकोनी चित्रांची माळ टाकून तिला झीन म्हणतात, म्हणोत बापडे. मी बघतो की वाचकांची यादी काढणाऱ्याच्या हातात आहे का, आणि वाचकाला उलट लिहिता येतं का. या हिशोबाने तीन-चारशे लोकांना जाणारं एखादं तिरसट ईमेल न्यूजलेटर मला पक्कं झीन वाटतं; कंपनीने डोळे वटारले तर यादी उचलून दुसरीकडे जाता येतं. स्वतःच्या डोमेनवरची हाताने लिहिलेली वेबसाइट, खाली मित्रांच्या साइट्सचे दुवे, हे तर शेवटचं पानच झालं. मॅस्टोडॉन या, वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या सर्व्हरांच्या सोशल नेटवर्कवर एखादा छोटा क्वीअर सर्व्हर कोणी पदरमोड करून चालवत असेल तर तो जेनिंग्जचा नातू समजायला हरकत नाही. बंद दाराआडचे चॅटग्रुप अर्धवट बसतात. गप्पा झीनसारख्या, पण घर भाड्याचं, आणि मालक किल्ली केव्हाही बदलू शकतो. डेटिंग अ‍ॅप? नाही. तिथे पत्ता आहे, पण अंक नाही.

आणि कागद अजून आहेच. गेल्या वर्षी मीही एक काढलं. एक ए-फोर कागद, तीन घड्या, मधे एक चीर, की आठ पानांची पुस्तिका होते. सुट्टीच्या दिवशी ऑफिसच्या प्रिंटरवर वीस प्रती. (एडिथबाईंची परंपरा. साहेब, वाचत असाल तर क्षमा.) मांडणीत गफलत झाली आणि पाचवं पान उलटं छापलं गेलं; ते वीसच्या वीस घड्या घालून झाल्यावर दिसलं. तशाच वाटल्या. शेवटच्या पानावर त्याच्यासाठीच काढलेला एक ईमेल पत्ता. त्याच मजकुराचा एक तुकडा इथे टाकला होता, त्याला दोनशेच्या वर लाइक आणि "मस्त रे" आले, आणि विषय संपला. वीस प्रतींवर तीन मेल आले, त्यातला एक माझ्या मजकुरापेक्षा लांब.

चौथा मेल सात महिन्यांनी आला, मी कधीही न भेटलेल्या माणसाचा. सोबत फोटो. माझंच झीन, पण माझी प्रत नव्हे. कडा काळ्या पडलेल्या, घडीच्या जागी जाड रेघ. झेरॉक्सची झेरॉक्स असावी. पाचवं पान इमानेइतबारे उलटं. त्याने विचारलं होतं, "हे पान मुद्दाम उलटं ठेवलंय ना? आम्ही दोघांनी एक अख्खी संध्याकाळ त्याचा अर्थ लावण्यात घालवली."

अजून उत्तर दिलेलं नाही. टोरांटोच्या त्या दोघांना स्मरून "हो, मुद्दामच" असं कळवावं म्हणतोय.