आक्कांची बाटली

आज पंधरा ऑगस्टची ग्रामसभा झाली. झाली म्हणजे उरकली. दारातच रजिस्टरवर सह्या घेतल्या, कोरमचे, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीचे, १०० भरले, मागचं प्रोसिडिंग धडाधड वाचून झालं.

मग वरच्या आळीतल्या आक्का उठल्या. वय सत्तरीच्या पुढं. पिशवीतून प्लास्टिकची बाटली काढून त्यांनी वर धरली. नळाचं पाणी, तळाला बोटभर गाळ. "चार दिस झालं, असलंच येतंय." एवढंच बोलल्या. सरपंच मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाले, "हां आक्का, घेतलं लिहून, बसा." ग्रामसेवकांचं पेन टेबलावर होतं, टोपण लावलेलं. मी समोरच बसलो होतो.

घेतलं लिहून म्हणे!

अहो, एक प्रश्न तरी विचारायचा. मी नंतर विचारला. आक्का म्हणाल्या, पहिली दहा मिनिटं गढूळ, मग निवळ येतं. गटारीसाठी जेसीबीनं खणलं त्या दिवसापासून. म्हणजे पाइप तिथंच फुटला असणार. टाकीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची पावडर, टाकून काय उपयोग, पुढं पाइपातच गटार शिरत असेल तर? आळीत पोरंबाळं हेच पाणी पितात.

मान्य, सरपंचांना रात्री दोनलाही फोन येतात. सभेत काही जण बांधाची भांडणं काढून तासभर खातात, हेही मान्य. पण आक्का तासभर बोलल्या नव्हत्या. एक वाक्य बोलल्या होत्या.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावात निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं होतात. म्हणजे एकेकाचं ऐकावंच लागतं. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणाऱ्या त्या गावानं २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. आणि आमच्याकडं समोर धरलेली बाटली बघायला सवड नाही.

एक सांगतो, सरपंच माणूस वाईट नाही. म्हणून तर जास्त लागलं. कोरोनात याच माणसानं घरोघरी किराणा पोचवला. दारात उभं राहून विचारायचे, "आक्का, गोळ्या संपल्या का?" तेव्हा पदावर नव्हते. भाऊ, हे वाचत असाल तर उद्या पहाटे नळ सुटायच्या वेळी वरच्या आळीत या. मीही येतो. फक्त फोन घरी ठेवा.

सभा संपल्यावर आक्का बाटली परत पिशवीत ठेवत होत्या. म्हटलं, ओता की इथंच.

"नको बाबा, पुढच्या सभेला लागंल."

पुढची सभा दोन ऑक्टोबरला आहे.