पहिल्या पुस्तकापासून? नको!

लेख आवडला, पण इंग्रज विनोदी लेखक टेरी प्रॅचेटची डिस्कवर्ल्ड मालिका 'पहिल्या पुस्तकापासूनच वाचा' हा त्यातला सल्ला काही पटला नाही. १९८३ चं ते पुस्तक मी स्वतः दोनदा अर्धवट टाकलंय! या कल्पनारम्य मालिकेत ४१ कादंबऱ्या आहेत, कुठूनही शिरा. मी नवख्याच्या हातात 'गार्ड्स! गार्ड्स!' देते. त्यातला पहारेकरी व्हाइम्स पुढच्या एका भागात बुटांचा हिशोब मांडतो. ५० डॉलरचे बूट दहा वर्षांनीही पाय कोरडे ठेवतात. ते परवडत नाहीत म्हणून गरीब माणूस १० डॉलरवाले घेत राहतो, तेवढ्या काळात १०० डॉलर घालवतो आणि पाय ओले ते ओलेच. अर्थशास्त्र असं कुणी शिकवलंच नाही बुवा आम्हाला. वर त्या स्वस्त बुटांच्या झिजलेल्या तळव्यांतून रस्त्याचे दगड चाचपून व्हाइम्सला अंधारातही कळतं, आपण कुठल्या गल्लीत आहोत ते!

बाकी मराठीत अनुवाद करायचा झाला तर या मालिकेतल्या 'मृत्यू' नावाच्या पात्राचं काय करायचं? तो कायम कॅपिटल अक्षरांत बोलतो, तेही अवतरणचिन्हांशिवाय. देवनागरीत कॅपिटल आणायची कुठून? ठळक टाइप केला तर ओरडल्यासारखं वाटेल, आणि हा बाबा तर मांजरांवर जीव टाकणारा.