वजनाचे खाडे

वजन उतरवायला मी किंक्रांतीपासून सुरुवात केली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी कुठलंही चांगलं काम काढू नये, असं सासूबाई दरवर्षी सांगतात. पण आदल्या दिवशीच्या गुळाच्या पोळ्या पोटात इतक्या ताज्या होत्या, की मुहूर्त बघत बसण्याइतका धीरच नव्हता. काट्याने ७८.६ दाखवलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतात त्याच चौकोनात मी पेन्सिलीने तो आकडा लिहिला. नवऱ्याने दोन दिवसांनी विचारलं, "दूध कधीपासून अठ्ठ्याहत्तर रुपये झालं?"

लहानपणी वजन करणं ही चैन होती. स्टेशनवरच्या त्या यंत्रात रंगीत दिवे फिरायचे, नाणं टाकलं की खटकन पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. वजन कोण बघतंय! आता घरी आणलेला काचेचा काटा भविष्य सांगत नाही, थेट भूतकाळ काढतो. शिवाय शंभर ग्रॅमसुद्धा सोडत नाही. भाजीवाला निदान वर चार मिरच्या तरी टाकतो.

काट्यावर चढण्याचा माझा विधी ठरलेला आहे. सकाळी सहाला, पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी. चष्मा काढायचा, घड्याळ काढायचं. केस धुतले असतील तर वाळेपर्यंत थांबायचं. काटा बाथरूमच्या दाराजवळच्या तिसऱ्याच फरशीवर ठेवायचा, कारण चौथी जरा उचललेली आहे आणि तिच्यावर मी तीनशे ग्रॅम जास्त भरते. एकदा मंगळसूत्र काढून ठेवलं तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्यात मेलं सोनं किती, आणि तू उतरवणार किती!"

पहिल्या दोन आठवड्यांत मी ७६.७ वर आले. काय सांगू तेव्हाची मिजास! आमच्या सोसायटीत आहाराचे दोन पंथ आहेत. एक दीक्षित डॉक्टरांचा, दिवसातून दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांत जेवणाऱ्यांचा, आणि दुसरा ऋजुता दिवेकरांचं ऐकून वरणभातावर निर्धास्त तूप घेणाऱ्यांचा. लिफ्टमध्ये दोन्ही पंथांचे लोक भेटले तरी मी तिसऱ्याच पंथाच्या संस्थापकासारखी बोलत होते. अकरावी सायन्सला असलेल्या चिरंजीवांनी तेव्हाच सांगितलं होतं, "आई, सुरुवातीला उतरतं ते बरंचसं पाणी असतं." शरीर साखरेचा थोडा साठा यकृतात आणि स्नायूंत ठेवतं, आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं कमी केलं की तो साठा संपतो आणि पाणी निघून जातं. मी त्याला म्हटलं, "तू आपला अभ्यास कर."

मग होळी आली. सकाळी ७५.२. दुपारी दोन पुरणपोळ्या, कटाची आमटी, कुरडया, पापड, लोणचं. रात्री उरलेल्या आमटीबरोबर भात, कारण शिळी कटाची आमटी जास्त चांगली लागते आणि रात्रीपर्यंत ती शिळी झालेली असते. धुळवडीच्या सकाळी काटा म्हणाला, ७६.६.

मी उतरले, पुन्हा चढले. काटा उचलून पुन्हा ठेवला. एका पायावर उभी राहिले. चौथ्या फरशीवरही जाऊन बघितलं, म्हणजे अपमान आणखी तीनशे ग्रॅमने वाढला. दीड महिना ज्वारीची भाकरी आणि दुधी खाऊन कमावलेलं दोन पोळ्यांनी नेलं! त्या सकाळी मी तळजाईच्या टेकडीवर फिरायला गेले नाही. जायचं कशाला? उलट डब्यात एक पोळी उरली होती ती खाऊन टाकली. बुडालोच आहोत तर भिजायला कशाला घाबरा.

चिरंजीव उठले आणि त्यांनी कागद घेतला. "एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. तुझं १.४ किलो वाढलं, म्हणजे १०,७८०. तूप धरून एका पोळीच्या तीनशे धरल्या, तर तू रोजच्या जेवणावर काल छत्तीस पुरणपोळ्या खाल्ल्या असल्या पाहिजेत. खाल्ल्यास?"

"दोन."

"मग बाकीच्या चौतीस कुठे गेल्या?"

बाकीच्या चौतीस म्हणजे पापड-लोणच्याच्या मिठाने अडवून ठेवलेलं पाणी, पुरणाने भरून निघालेला तो साखरेचा साठा आणि पोटातून अजून बाहेर न पडलेलं जेवण. माझा विश्वास बसेना, म्हणून त्याने मला काट्यावर उभं केलं आणि हातात अर्धा लिटर पाण्याचा तांब्या देऊन प्यायला लावलं. आकडा बरोब्बर अर्ध्या किलोने वर गेला. साध्या नळाच्या पाण्याने, ज्यात एकही कॅलरी नाही, मी आठवड्याची कमाई गमावली होती. गंमत म्हणजे वजन उतरलं तेव्हा पाण्याचं नाव काढलेलं मला खपलं नव्हतं. तेव्हा ती जिद्द होती. वाढलं की पाणी! पाचव्या दिवशी ७५.० भरलं, तेव्हा पुन्हा जिद्दच.

महिनाअखेरीला दुधाचा हिशोब करायला सासूबाईंनी चष्मा लावून कॅलेंडर खाली घेतलं. बराच वेळ बोट फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, तुझं वजन पंचांगाप्रमाणे चालतं."

बघितलं तर खरंच. संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी वर, कारण चंद्रोदय रात्री साडेनऊला, आणि त्यानंतर सोडलेला उपास सकाळी सहाला पोटातच मुक्कामाला. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी वर. त्याचं कारण म्हणीतच सांगून ठेवलंय, शेंगदाण्याच्या कुटासकट. नणंद येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी वर. तळजाईचा चढ पहिल्यांदा चढले, मांड्या दोन दिवस दुखत होत्या, तेव्हाही वर. दुखरे स्नायूसुद्धा पाणी धरतात म्हणे. आणि महिन्यात एका तारखेभोवती मी आधीपासूनच बारीक गोल करत असते, त्याच्या अलीकडचे चार-पाच दिवस दर महिन्याला वर. हे सगळं कॅलेंडरवर आधीच होतं. मी फक्त त्याच्या शेजारी आकडा लिहून रडत होते.

आता सासूबाईच मला मुहूर्त सांगतात. "उद्या चढू नकोस, उद्या द्वादशी आहे." चिरंजीव सात दिवसांची सरासरी काढतात. ती परवा ७४.३ होती, तिच्या आदल्या आठवड्यात ७४.५. लिफ्टमध्ये सांगण्यासारखं काही नाही त्यात, पण उतरतंय.

काल दुधाचा खाडा मांडायला गेले तर गुरुवारच्या चौकोनात माझा नसलेला एक आकडा होता. वळणदार, जुन्या शाळेतल्या अक्षरात, ६१.२ आणि पुढे कंसात 'पातळासकट'. शुक्रवारी ६१.९. त्याच्या खाली, अगदी बारीक, खोडायला सोपं जावं इतक्या हलक्या हाताने लिहिलं होतं : लोणचं.