शेवाळशेतीतला ‘फुकटचा’ पैसा

किनाऱ्यावरच्या गावांत व्हॉट्सॲपवर सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. समुद्री शेवाळाच्या शेतीला जमीन नको, गोडं पाणी नको, खत नको. तराफा सोडायचा आणि 45 दिवसांनी पैसे मोजायचे. तामिळनाडूत मंडपम-रामेश्वरमच्या बायका यावर लखपती झाल्या, मग कोकणातल्या का नाही? जमीन, पाणी, खत लागत नाही एवढं खरं. बाकीचं तपासू.

‘मेहनत नाही.’ मंडपमला कप्पाफायकस नावाचं शेवाळ लावतात. साधारण 12 बाय 12 फुटांचा बांबूचा तराफा, त्यावर 20 दोर, दर दोराला दीडशे ग्रॅमच्या 20 जुड्या. म्हणजे एका तराफ्याला 400 गाठी आणि 60 किलो बियाणं. खालून जाळी लावायची, नाहीतर मासे फडशा पाडतात. पीक चांगलं आलं तर 260 किलो ओला माल निघतो. त्यातला 60 किलो परत बियाण्याला गेला की उरलेला 200 किलो वाळून जेमतेम 20 किलो भरतो. एका तराफ्यावर घर चालत नाही, म्हणून तिथलं गणित माणशी 45 तराफ्यांचं. रोज एक काढायचा आणि तोच पुन्हा बांधून पाण्यात सोडायचा. ओला तराफा ओढा, माल कापा, चारशे गाठी मारा, वाळत घाला, ढग आले की धावत झाका. मेहनत नाही म्हणणाऱ्याने एक दोर तरी बांधून बघावा.

‘समुद्र इथून तिथून सारखाच.’ आपली फसगत होते ती इथे. मंडपमच्या पाल्कच्या उपसागरात भरती-ओहोटीचा फरक मीटरभरही नसतो; रत्नागिरीला उधाणाला तो दोन मीटरच्या वर जातो. जूनपासून समुद्र खवळलेला, खाडीत पुराचं गोडं पाणी. खारटपणा उतरला की हे शेवाळ मरतं. म्हणजे उघड्या समुद्रात तराफा फुटणार आणि आडोशाच्या खाडीत पीक कुजणार. हाती राहतात पावसाळ्यानंतरचे महिने, आणि दरवर्षी बियाणं नव्याने आणायचं. खुद्द मंडपमलाही 2012-13 मध्ये वाळलेल्या मालाचं उत्पादन सुमारे 1,500 टनांवर पोचलं होतं. त्यानंतर पीक मोठ्या प्रमाणावर मेलं आणि आकडा कोसळला. फॉरवर्डमध्ये फक्त चढाचं वर्ष असतं.

पावसाळ्याशी जुळवून घेणारी समुद्रशेती पाहायची तर केरळात कासरगोडजवळ पडन्नाला जावं. तिथले बायकांचे गट 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून खाडीत दोरांवर शिनाणे, म्हणजे खाण्याचे शिंपले, वाढवतात. पाऊस सरल्यावर खडकांवरची पिल्लं गोळा करून दोराला बांधायची आणि पुढचा पाऊस खाडीत उतरायच्या आत काढायची. हे वेळापत्रक आपल्या खाड्यांना ओळखीचं आहे, आणि शिनाणे-कालवं इथे खाल्लीही जातात. शेवाळाची भाजी कोण करतं?

‘पर्यावरणाला धोका शून्य.’ कप्पाफायकस बाहेरून आलेलं. 1980 च्या दशकात ते जपानहून गुजरातेत ओख्याला आणलं गेलं. मन्नारच्या आखातात कुरुसडई बेटाजवळ ते जिवंत प्रवाळांवर चढल्याची नोंद 2008 मध्ये झाली. धोका किती मोठा यावर संशोधकांत वाद आहे, शून्य मात्र नक्कीच नाही. मालवणच्या सागरी अभयारण्यातही प्रवाळ आहेत, तेव्हा तिथे तराफा टाकायचा हट्ट तरी कोणी धरू नये.

‘मागणी प्रचंड.’ आहे, पण या शेवाळातून कॅराजीनन, म्हणजे खाद्यपदार्थ दाट करणारा पदार्थ, काढणाऱ्या कारखान्यांची, आणि दर ठरतो तो इंडोनेशिया-फिलिपिन्सच्या मालावर. मंडपमला सुरुवातीपासून कंपनी ठरलेल्या दराने माल उचलायची. पहिली मोठी कंपनी पेप्सिको होती. आपल्याकडे फॉरवर्ड पाठवणारा बियाणं आणि प्रशिक्षण विकतो, त्याची फी मजकुराच्या तळाशी असते. वाळलेला माल कोण उचलणार, कुठल्या गोदामात आणि किलोला किती, हे त्याच्याकडून लेखी घ्या.