शेरा : सोडून द्यावे

मतदारयादीत माझ्या नावापुढे कोणीतरी पेन्सिलीने ‘सोडून द्यावे’ असा शेरा मारून ठेवला आहे, हे मला गेल्या रविवारी समजले आणि तेव्हापासून माझी चडफड थांबलेली नाही. मतदार चिठ्ठ्या वाटायला आलेल्या गटाच्या कार्यकर्त्याने, अण्णांनी, आईची चिठ्ठी आईला दिली, बायकोची बायकोला दिली आणि माझी पुन्हा पिशवीत सरकवली. मी हात पुढे केलेला होता.

तासगाव तालुक्यातील आमच्या येरळाकाठच्या गावात पक्षांची नावे पाठ करून राजकारण कळत नाही. येथे एवढेच विचारतात की, तुम्ही आबा गटाचे की काका गटाचे. मुंबईहून आलेल्या माझ्या साडूला तो वाटणीचा दावा वाटला होता. आबा म्हणजे दिवंगत आर. आर. पाटील आणि काका म्हणजे संजयकाका पाटील. चिन्हे येतात आणि जातात. 2024 च्या मे महिन्यात कमळावर लोकसभा लढविलेले काका नोव्हेंबरमध्ये विधानसभेला घड्याळ घेऊन दारात आले. भिंतींवरचा रंग बदलला, पारावरची माणसे तीच राहिली. त्याच मे महिन्यात सांगली मतदारसंघाने बड्या पक्षांना बाजूला सारून एका अपक्षाचा लिफाफा सुमारे 1 लाखाच्या फरकाने निवडून दिला आणि सहा महिन्यांत जिल्ह्याने 8 पैकी 4 आमदार भाजपचे केले. बाहेरून येणारे विश्लेषक यात लाट शोधतात. अण्णा दुधाची किटली शोधतात.

“अण्णा, मी काय मेलो आहे का?” असे मी विचारले, तेव्हा ते ओट्यावर ऐसपैस बसले, चष्मा पुसला आणि यादी मांडीवर उघडली. हिरवी खूण म्हणजे आपला, तांबडी म्हणजे त्यांचा, प्रश्नचिन्ह म्हणजे रात्री जाऊन भेटायचा. माझ्यासारख्यांसाठी रंग ठेवलेला नव्हता.

“तुमचं दूध कुठं जातंय?” त्यांनी विचारले. मी सांगितले. “ते आमच्यात. ऊस?” मी सांगितले. “तो त्यांच्यात. ठेव कुठल्या पतसंस्थेत?” तिचा अध्यक्ष गेल्या वर्षी गट बदलून बसलेला असल्याने त्यावर अण्णांनी नुसताच सुस्कारा सोडला. “आणि पोरगी तिसऱ्याच्याच कॉलेजात. आता तुमच्यावर माणूस घालवायचा तर कुठल्या हिशेबानं घालवायचा, सांगा बघू?”

मी म्हणालो की, मी उमेदवाराचे काम पाहून मत देतो. अण्णांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने आमच्याकडे लोक गाभण न राहणाऱ्या म्हशीकडे पाहतात. “तेच तर. विचार करणारा माणूस बेभरवशाचा,” ते म्हणाले आणि त्यांनी साताऱ्याचा दाखला काढला. तेथे त्याच लोकसभेला तुतारी वाजवणारा माणूस 32 हजारांवर मतांनी पडला आणि तुतारीशी गल्लत होणारी पिपाणी घेऊन उभ्या राहिलेल्या अपक्षाला 37 हजारांवर मते पडली. या आकड्यांवरून अण्णांनी असा सिद्धान्त काढला की, मतदाराला यंत्रापुढे एकटे सोडणे हाच लोकशाहीला सर्वांत मोठा धोका आहे.

मतदान गुप्त असते, 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात त्यासाठी स्वतंत्र कलम आहे, हे मी काहीशा चढ्या आवाजात सांगितले. अण्णा शांतच होते. “गुप्त तुमचं असतंय हो. बूथचं कुठं असतंय?”

येथे मला उत्तर सुचले नाही आणि खरे सांगायचे तर राग आला तो याच वाक्याचा. कागदी मतपत्रिका असताना त्या मोजणीपूर्वी एकमेकींत मिसळता येत असत. आता प्रत्येक यंत्र वेगळे मोजले जाते आणि कोणत्या गल्लीने कोणाला किती दिले, हे निकालाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर तोंडपाठ होते. आमच्या बूथवर मते कमी पडली, तेव्हापासून पलीकडच्या आळीत गटारीवर फरशी आली आणि आमच्या आळीत सर्वेक्षण करणारा माणूसही आलेला नाही. मी कोणाला मत दिले हे कोणालाच ठाऊक नसताना शिक्षा मात्र मला नेमाने पोचते. पावसाळ्यात ती उंबरठ्याच्या आत येते.

अण्णांनी अखेर चिठ्ठी दिली. पण ती देताना, “बघा, सवड झाली तर जाऊन या,” असे म्हणाले, जणू मी कोणाच्या तरी दहाव्याला निघालो होतो.

ते गेल्यावर मी आईपुढे कुरकुर केली. तिच्या नावापुढे हिरवी खूण कशी, असेही विचारले, कारण गेल्या आठवड्यात दुसऱ्या गटाच्या यादीतही ती हिरवीच असल्याचे माझ्या कानावर आले होते. ती शेंगा फोडत होती.

“दारात येईल त्याला मी हो म्हणते. दोन्हीकडून रिक्षा येते, एकीनं जायचं आणि दुसरीनं यायचं,” ती म्हणाली आणि टरफले सुपातून बाजूला सारत पुढे म्हणाली, “तुला चालत जायचं जिवावर येत असलं तर माझ्याबरोबर बस. पण तोंड उघडू नकोस.”