येत नाही का म्हणे याला!

आज ऑर्गन ऐकायला गेलो होतो. पाहुणा वादक, खरा पाइप ऑर्गन (पाइपांत हवा सोडून वाजणारा), बाख आणि बुक्सटेहूडे या जुन्या संगीतकारांच्या रचना. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच मागच्या रांगेतून आवाज आला, "एवढा नावाजलेला माणूस, आणि दोन दिवस हॉल अडवून सराव करत होता. येत नाही का याला?"

डोकंच फिरलं.

अहो, व्हायोलिनवाला आपलं व्हायोलिन काखेत मारून येतो. ऑर्गनवाला काय आणणार? बूट! पातळ तळाचे, पेडल (पायांनी दाबायच्या पट्ट्या) वाजवायचे बूट. बाकी सगळं तिथे भिंतीत बांधलेलं, आणि दर ठिकाणी निराळं. कुठे दोन की-बोर्ड, कुठे चार. एकाच नावाचा स्टॉप (पाइपांचा एकेक संच चालू-बंद करायची खुंटी) इथे मऊ, तिथे कर्कश.

मी एकदा अशाच एका पाहुण्या बाईंच्या शेजारी स्टॉप ओढायला उभा होतो. आदल्या रात्री त्यांनी मला बाकावर बसवलं, एक कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) दाबून धरायला सांगितली आणि स्वतः पार शेवटच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. वाजवणाऱ्याला ऐकू येतं ते वेगळं आणि तिथे पोहोचतं ते वेगळं. परत आल्या, एक 4 फुटी (उंच सुरांचा) स्टॉप आत ढकलला, पुन्हा चालत मागे. माझी बोटं आखडली, त्यांचं समाधान होईना.

आणि हे विचारणार, येत नाही का!

वर, "वादकाची पाठच दिसते." दिसते. बाक कडक होते, मधली एक रचना मलाही लांबली, मान्य. पण पाय तरी बघा! बाखच्या सी मायनर पासाकाल्या या रचनेची पहिली आठ मापं नुसत्या पायांवर होती, हात मांडीवर.

हाच बाख 1705 मध्ये, विशीत, बुक्सटेहूडेसाठी आर्नश्टाटहून ल्युबेकला सुमारे 400 किलोमीटर चालत गेला. रजा चार आठवड्यांची, राहिला तीन-चार महिने. आमच्या मंडळींना शेवटच्या सुराचा घुमारा विरेपर्यंत थांबवेना. गाड्या काढायच्या होत्या ना!

असो. 32 फुटी पाइपांचे खालचे सूर लागले तेव्हा मागचे गृहस्थही गप्प होते, हे सांगायला हवं. तो सूर कानाआधी बाकाला कळतो.

त्या रात्री मी कॉर्ड सोडली तरी एक सूर वाजतच राहिला. वाटलं, झालं, मोडलं आपण. घामच फुटला. बाई हसत आल्या, तीच की चार-पाच वेळा टकटक दाबली, थांबला. जुन्या वाद्यांत अडकतो म्हणाल्या एखादा.

आज सगळे गेल्यावर वर वादकाकडे गेलो. खूप काही बोलायचं ठरवलं होतं, तोंडातून निघालं एवढंच, "सरावात एखादा सूर अडकला का?"

बुटाची नाडी सोडता सोडता त्याने दोन बोटं दाखवली.